लोंबणारं पाऊल आणि शाबूत राहिलेला स्नायू: फूट ड्रॉपचं एक प्रकरण

फूट ड्रॉप म्हणजे पाऊल वर उचलता न येणं. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. अशा रुग्णांमध्ये एरवी जे सुटं सुटं दिसतं, ते इथे एकाच माणसाच्या नावे जोडलं आहे. शरीररचना आणि तपासणीचे निकष मात्र रोजच्या कामातलेच आहेत.

तक्रार

गृहस्थ 46 वर्षांचे, काम टेबलावर बसून हिशेबाचं. एका सकाळी बिछान्यातून उठून चालायला लागले तर उजवं पाऊल फटकन जमिनीवर आपटायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. रात्री पाय अवघडला असेल, जाईल तासाभरात, म्हणून त्यांनी दोन दिवस सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी जिना चढताना चवडा पायरीला अडकला आणि ते पडता पडता वाचले. चप्पल उजव्या पायातून निसटून मागे राहायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते लक्षात यायचं. पावलाच्या वरच्या भागावर आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला खालपर्यंत बधिरपणा होता, पण बारकाईने विचारल्यावरच त्यांनी तो सांगितला.

कंबर अधूनमधून धरते, ही तक्रार सात-आठ वर्षं जुनी. पाऊल उचलत नाही आणि कंबर दुखते, एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की कंबरेचा एमआरआय होतोच. तसा तो झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे आणि उजवीकडे फुगली आहे आणि एल 5 मज्जामुळाला (कंबरेच्या पाचव्या मणक्याखालून पायाकडे निघणाऱ्या नसेच्या मुळाला) टेकली आहे. शस्त्रक्रिया लवकर करा, नाहीतर पाय असाच राहील, असा सल्ला मिळाला. दुसरं मत घ्यायला ते माझ्याकडे आले तेव्हा सुरुवातीपासून अकरावा दिवस होता.

तो सल्ला वेडगळ नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की बहुतेक वेळा एल 5 चं मूळ दबतं, आणि एल 5 दबलं की पाऊल पडू शकतं. ताकद दिवसागणिक घटत असेल तर वाट पाहणं महागात पडतं. म्हणजे दोन्हीकडे जोखीम होती. खरंच मणका दोषी असताना थांबलो तर पाय जायचा, आणि मणका निर्दोष असताना कंबर उघडली तर पाय होता तसाच राहून पाठीवर एक व्रण वाढायचा.

एमआरआयबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले होते. वयाच्या चाळिशीत त्यातल्या साधारण 50 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, पन्नाशीत 60 टक्के लोकांच्या. तेव्हा या वयात फुगलेली गादी सापडणं हा पुरावा नव्हे. तिच्यामुळेच पाऊल पडलं का, हे पायालाच विचारावं लागतं, आणि त्यासाठी पायाच्या आतली मांडणी डोळ्यांसमोर असावी लागते.

गुडघ्याखालचा नकाशा

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडं आहेत. आतल्या बाजूची टिबिया जाड, शरीराचं बहुतेक वजन पेलणारी. हाताला लागते ती नडगी म्हणजे हिचीच धार. बाहेरच्या बाजूची फिब्युला बारीक. तिच्यावर वजन थोडंच येतं, पण घोट्याचा बाहेरचा उंचवटा तिच्याच खालच्या टोकाचा असतो. वरचं टोक गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, सांध्याच्या किंचित खाली, टणक गोटीसारखं बोटाला लागतं. ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खाली हाड निमुळतं होतं, ती मान. हे प्रकरण जवळजवळ सगळं या मानेवरच घडलं.

दोन हाडांमध्ये ताणून बसवलेला एक पडदा आहे. तो पडदा, हाडं आणि घट्ट आवरणं मिळून पायाचे चार कप्पे करतात. पुढच्या कप्प्यात पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू: टिबिआलिस अँटेरिअर, अंगठा उचलणारा एक्सटेन्सर हॅल्युसिस लाँगस, बाकीची बोटं उचलणारा एक्सटेन्सर डिजिटोरम लाँगस, आणि छोटासा पेरोनिअस टर्शियस. बाहेरच्या कप्प्यात पेरोनिअस लाँगस आणि ब्रेव्हिस. या दोघांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यामागून जातात आणि पाऊल बाहेर वळवतात. मागे पोटरीचे दोन थर. वरच्या थरातले मोठे स्नायू अकिलीस कंडरा होऊन टाचेला लागतात. खालचा खोल थर नजरेला दिसत नाही म्हणून विसरला जातो. त्यात बोटं वाकवणारे दोन लांब स्नायू, गुडघ्यामागचा आखूड पॉप्लिटिअस, आणि सगळ्यांत खोल, दोन्ही हाडांच्या मागच्या बाजूला आणि मधल्या पडद्याला चिकटून निघणारा टिबिआलिस पोस्टेरिअर. याची कंडरा घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागून वळून मुख्यतः नॅव्हिक्युलर हाडाला लागते. पाऊल आत वळवणं, खाली दाबायला मदत करणं आणि तळव्याची कमान धरून ठेवणं ही त्याची कामं.

आता मज्जातंतू, म्हणजे नसा. नितंबातून निघालेली सायटिक नस मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्यामागच्या लवणीच्या जरा वर दुभंगते. टिबिअल फांदी सरळ लवणीतून पोटरीत शिरते आणि मागच्या दोन्ही थरांना, पुढे तळपायालाही, पुरवठा करते. दुसरी कॉमन पेरोनिअल फांदी बाहेरच्या बाजूला सरकते, मांडीमागच्या बायसेप्स स्नायूच्या कडेने उतरते आणि फिब्युलाच्या मानेला वळसा घालून पुढे येते. या वळणावर तिच्या एका अंगाला हाड आणि दुसऱ्या अंगाला फक्त कातडी नि थोडी चरबी. लगेच ती पेरोनिअस लाँगसच्या उगमापाशी असलेल्या तंतुमय कमानीखाली शिरते आणि तिचे दोन भाग होतात. खोल भाग पुढच्या कप्प्याला आणि पावलावरच्या आखूड स्नायूंना पुरवठा करतो. त्याच्या वाट्याला कातडी फारच थोडी, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यापुरती. वरवरचा भाग बाहेरच्या कप्प्याला आणि पावलाच्या वरच्या बहुतेक कातडीला.

मानेपाशी खोल भागाचे तंतू हाडाच्या बाजूला असतात. बाहेरून दाब आला की तेच हाडावर आधी चेंगरतात. म्हणून इथल्या इजेत पाऊल उचलण्याची ताकद जास्त जाते आणि पाऊल बाहेर वळवण्याची तुलनेने कमी. हे माहीत नसलं की ‘बाहेर तर वळतंय, मग पेरोनिअल नस कशी?’ असा गोंधळ होतो.

प्रश्न कसा सुटतो

टिबिआलिस अँटेरिअरला मुख्यतः एल 4 आणि एल 5 मुळांतून तंतू येतात, अंगठा उचलणाऱ्या स्नायूला प्रामुख्याने एल 5 मधून. त्यामुळे पाऊल पडलेलं आहे, अंगठा उचलत नाही, पावलाच्या वरची कातडी बधिर आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कंबरेत एल 5 दबलं तरी हेच, आणि फिब्युलाच्या मानेशी नस दबली तरी हेच. टाचेचा रिफ्लेक्सही (कंडरेवर ठोकल्यावर आपोआप येणारा झटका) उपयोगाचा नाही; तो एल 5 च्या खालच्या एस 1 मुळाचा, दोन्ही प्रकारांत शाबूत राहतो.

निकाल देतात ते एल 5 वर चालणारे पण पेरोनिअल नसेवर न चालणारे स्नायू. त्यातला सगळ्यांत सोयीचा टिबिआलिस पोस्टेरिअर. त्याचे तंतू एल 5 मुळातून बाहेर पडतात पण येतात टिबिअल नसेतून. मूळ दबलं असेल तर पाऊल आत वळवण्याची ताकद घटलेली असेल. नस मानेशी दबली असेल तर ती ताकद पूर्ण असेल. दुसरा साक्षीदार खुब्यावरचा ग्लुटिअस मेडिअस, पाय बाजूला उचलणारा. तोही एल 5 वर बराच अवलंबून, आणि गुडघ्याशी त्याचा काही संबंध नाही.

गेलेल्या स्नायूंकडे सगळे बघतात. मला राहिलेल्यांची यादी हवी असते.

तपासणी

चालताना ते उजवा गुडघा आणि खुबा जास्त उचलत होते, जणू अदृश्य पायरी चढताहेत. चालताना पाऊल हवेतून पुढे येतं तेव्हा बोटांचं जमिनीपासूनचं अंतर अवघं एक-दोन सेंटिमीटर असतं, म्हणून चवडा थोडा जरी लोंबला तरी पाय अडखळतो आणि शरीर तो वरून उचलून भरपाई करतं. टाच टेकल्यावर पाऊल हळूहळू खाली सोडणं हेही टिबिआलिस अँटेरिअरचंच काम. तो लगाम सुटला की फटका ऐकू येतो. टाचांवर चालायला सांगितलं, उजव्याने जमलं नाही. चवड्यांवर व्यवस्थित चालले.

ताकद 0 ते 5 च्या नेहमीच्या मोजपट्टीवर (0 म्हणजे हालचालच नाही, 5 म्हणजे पूर्ण ताकद): पाऊल उचलणं 1, अंगठा उचलणं 0, बोटं उचलणं 1, पाऊल बाहेर वळवणं 3. पोटरी 5. बोटं खाली वाकवणं 5.

पाऊल आत वळवण्याची ताकद मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती 4 वाटली. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. पाऊल खाली लोंबलेलं असताना आत किंवा बाहेर वळवणाऱ्या स्नायूंना नीट पकड मिळत नाही, आणि चांगला स्नायूही कमकुवत भासतो. अशा वेळी आपल्या हाताने पाऊल उचलून नडगीशी काटकोनात धरायचं आणि मग सांगायचं, ‘आता तळवा आत वळवा, माझ्या हाताला ढकला.’ तसं केल्यावर ताकद 5 निघाली, डाव्या पायाइतकीच. घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागे बोट ठेवलं तर कंडरा ताठ झालेली स्पष्ट लागत होती. हा बारकावा टळला असता तर ‘आत वळवणंही कमजोर’ अशी नोंद झाली असती, आणि ती नोंद सरळ कंबरेकडे बोट दाखवत गेली असती.

कुशीवर झोपवून पाय वर उचलायला सांगितला: खुब्याची ताकद 5. गुडघा वाकवणं 5. पाय सरळ ठेवून वर उचलल्यावर कंबरेतून कळ नाही. दोन्ही गुडघ्यांचे आणि टाचांचे रिफ्लेक्स सारखे, तळवा खरवडल्यावर अंगठा खाली. म्हणजे मेंदू किंवा मज्जारज्जूतून आलेला कडकपणा नाही. पुढचा कप्पा मऊ होता, दाबून दुखत नव्हता. तो टणक, प्रचंड दुखरा आणि बोटं ताणली की जीव जाणारा असता तर प्रकरणच वेगळं झालं असतं. कप्प्यातला दाब वाढणं ही तासांची लढाई असते, तिथे चाचण्यांची वाट बघायची नसते.

कातडीचा नकाशाही बोलका निघाला. बधिरपणा पावलाच्या वर, पहिल्या बेचक्यात आणि नडगीच्या बाहेरच्या खालच्या भागात. करंगळीकडची कड चांगली. तिथे सुरल नस येते. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचा वरचा भागही चांगला, कारण त्याला पुरवठा करणारी फांदी कॉमन पेरोनिअल नसेतून लवणीतच, मानेच्या वर, फुटते. आतली बाजू चांगली. तिथे मांडीच्या पुढच्या नसेतून आलेली सॅफेनस. फिब्युलाच्या मानेवर बोटाने टिचकी मारली तर पावलाच्या वर मुंग्यांची लाट गेली.

इतकं झाल्यावर ठिकाण ठरलं होतं. कारण अजून नव्हतं.

‘वजन उतरलंय का तुमचं?’

‘हो, पण मुद्दाम उतरवलंय. चार महिन्यांत 92 वरून 78.’

‘बसता कसे?’

हा प्रश्न त्यांना विचित्र वाटला. उत्तर त्यांच्या पत्नीने दिलं: ‘कायम पायावर पाय टाकून. उजवा वर. वर्षाअखेरीचे हिशेब करत होते तेव्हा रात्र रात्र तसेच बसायचे.’

पायावर पाय टाकला की वरच्या पायाची फिब्युलाची मान खालच्या गुडघ्यावर रेलते. एरवी मध्ये चरबीची गादी असते. वजन भराभर उतरलं की तीही जाते आणि नस हाडावर उघडी पडते. ज्यांचं वजन आजारपणात घटलं आहे, जे बेशुद्धीत किंवा अंथरुणाला खिळून पाय बाहेर टाकून पडले आहेत, ज्यांच्या गुडघ्याखाली घट्ट प्लास्टर आहे, जे तासन्‌तास उकिडवे बसून काम करतात, त्या सगळ्यांत ही नस याच जागी दबते. वजन मुद्दाम कमी केलं की आपोआप घटलं, हे मात्र विचारलंच पाहिजे. आपोआप घटलं असेल तर पावलापेक्षा मोठा शोध घ्यावा लागतो. यांचं मुद्दाम होतं. रक्तातली साखर आणि बी 12 ठीक निघालं. घरात कुणाला असे नस दबल्याचे प्रकार वारंवार झालेत का, हेही विचारलं, कारण 17 व्या क्रोमोसोमवरच्या एका जनुकाची प्रत हरवल्याने नसा जराशा दाबाने बंद पडण्याचा आनुवंशिक विकार असतो. तसं काही नव्हतं.

शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकला, एवढंच मी त्या दिवशी सांगितलं. मणक्याच्या सर्जनला तपासणीची नोंद पाठवली. फोनवर बोलल्यावर त्यांनाही थांबणं पटलं.

नसेची चाचणी

एनसीव्ही-ईएमजी, म्हणजे विजेचा झटका देऊन नसेची आणि सुई घालून स्नायूची तपासणी, लगेच केली नाही. यावर रुग्ण नाराज होतात, पण याला कारण आहे. तंतू तुटले तरी तुटलेल्या जागेच्या खालचा भाग काही दिवस विजेला उत्तर देत राहतो. स्नायूपर्यंतचा प्रतिसाद जायला आठवडाभर लागतो, संवेदनेचा जायला दहा-अकरा दिवस. स्नायूत सुईला दिसणारी अस्वस्थ विद्युत-थरथर उमटायला दोन-तीन आठवडे. आधीच चाचणी केली तर फक्त बंद पडलेला तंतू आणि मेलेला तंतू सारखाच दिसतो. म्हणून 22 व्या दिवशी केली.

पावलावरच्या आखूड स्नायूवर नोंद घेत घोट्याशी झटका दिला तेव्हा प्रतिसाद 3.1 मिलिव्होल्ट आला, डावीकडे तो 6.2 होता. फिब्युलाच्या डोक्याखाली झटका दिला तेव्हा 2.9. आणि डोक्याच्या वर, लवणीत दिला तेव्हा 0.7. त्या दहा सेंटिमीटरमध्ये प्रतिसाद तीन-चतुर्थांश गळाला. वेग नडगीत सेकंदाला 46 मीटर, मानेवरून जाताना 27. हा आखूड स्नायू बुटांच्या चेपण्यानेही झिजतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबायचं नसतं. टिबिआलिस अँटेरिअरवर नोंद घेऊन पुन्हा पाहिलं: मानेच्या खाली झटका दिल्यावर 3.6, मानेच्या वर दिल्यावर 1.1, डावीकडे 5.8. चित्र तेच.

हे आकडे वाचायचे कसे? घोट्याशी प्रतिसाद निम्मा उरला याचा अर्थ काही तंतू खरोखर मेले. उरलेल्यांपैकी बहुतेक मानेपाशी अडकले होते. तंतू जिवंत, पण त्यांचं मायलिनचं आवरण दाबाने बिघडलेलं, त्यामुळे संदेश पलीकडे जात नाही. 1943 मध्ये सेडन यांनी नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले: नुसतं बंद पडणं, आतला तंतू तुटणं पण बाहेरची नळी राहणं, आणि सगळंच तुटणं. इथे पहिला आणि दुसरा यांची सरमिसळ होती, पहिल्याचा भाग मोठा.

पावलावरच्या संवेदनेचा प्रतिसाद उजवीकडे 5 मायक्रोव्होल्ट, डावीकडे 13. या एका आकड्याने कंबरेचा प्रश्न जवळजवळ मिटवला. संवेदनेच्या तंतूंच्या पेशी मज्जामुळाच्या गाठीत असतात. गादी दाबते ती सहसा त्या गाठीच्या अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला; पेशीपासून पायापर्यंतचा तंतू जिवंत राहतो. त्यामुळे मूळ दबलेल्या माणसाला पाय बधिर वाटतो, पण चाचणीत संवेदनेचा प्रतिसाद चांगला येतो. तो घटला असेल तर इजा गाठीच्या पुढे, नसेतच आहे. उलट विधान मात्र करता येत नाही. नस मानेशी नुसती बंद पडली असेल तरीही खालचा प्रतिसाद चांगला येतो, म्हणून ‘चांगला आला, तेव्हा मणकाच’ असं म्हणणं चूक.

सुईने पाहिलं तेव्हा टिबिआलिस अँटेरिअरमध्ये थरथर होती. टिबिआलिस पोस्टेरिअर शांत, खुब्यावरचा स्नायू शांत, मणक्यालगतचे शांत. आणखी एक स्नायू मुद्दाम पाहिला: बायसेप्सचं आखूड डोकं. मांडीतला हा एकच स्नायू सायटिक नसेच्या पेरोनिअल भागावर चालतो. सायटिक नसेला वर, नितंबात कुठे मार लागला तर तिचा पेरोनिअल भागच आधी बिघडतो आणि सगळं चित्र गुडघ्याशी नस दबल्यासारखं दिसतं. या आखूड डोक्यात गडबड असेल तर दोष गुडघ्याच्या वर. तोही शांत होता.

फिब्युलाच्या मानेवर सोनोग्राफी केली. नस थोडी सुजलेली, पण गाठ नव्हती. ही तपासणी मी वगळत नाही. टिबिया-फिब्युलाच्या वरच्या सांध्यातून द्रव एका बारीक फांदीतून नसेच्या आत शिरतो आणि तिथे गाठ तयार होते, असे रुग्ण सापडतात. तिथे पायावर पाय टाकणं सोडून भागत नाही, शस्त्रक्रिया लागते.

उपचार आणि पुढचे महिने

उपचार म्हणावं असं फारसं काही नव्हतं, आणि हे रुग्णाला पटवणं हाच निम्मा उपचार. पायावर पाय टाकायचा नाही. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. उकिडवं बसायचं नाही. वजन आणखी उतरवणं तूर्त थांबवायचं.

पाऊल काटकोनात धरणारा एएफओ दिला, म्हणजे पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा आधार. तो बुटात घालावा लागतो, म्हणून उजवा बूट एक माप मोठा. त्याचा वरचा पट्टा नेमका कुठे बसतो ते मी स्वतः पाहतो. बरेचदा तो फिब्युलाच्या मानेवरच आवळलेला असतो, आणि ज्या नसेला विसावा द्यायचा तिच्यावरच रोज दहा तास दाब येतो. यांचाही तसाच निघाला. आधार कापून पट्टा तीन बोटं खाली आणला. दिवसातून काही वेळा भिंतीला टेकून पोटरी ताणायची, कारण उचलणारे स्नायू झोपलेले असताना पोटरी आखडत जाते, आणि मग नस बरी होऊनही पाऊल वर येत नाही. विजेचे झटके देऊन स्नायू जिवंत ठेवण्याबद्दल त्यांनी विचारलं. करायचे तर करा, पण त्यावर माझा फारसा भरवसा नाही, असं सांगितलं.

पाचव्या आठवड्यात पाऊल उचलण्याची ताकद 2 झाली. नवव्या आठवड्यात 4 च्या किंचित खाली, बाहेर वळवणं 5, पण अंगठा अजून 2. घरात आधाराशिवाय चालणं सुरू झालं. तिथून पुढे वेग मंदावला आणि त्यांना वाटलं की गाडी अडली. अडली नव्हती. पहिल्या दोन महिन्यांत जे झपाट्याने आलं ते अडकलेल्या तंतूंचं आवरण दुरुस्त झाल्यामुळे. मेलेले तंतू मानेपासून पुन्हा वाढत जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. टिबिआलिस अँटेरिअरच्या सुरुवातीच्या भागापर्यंत दहा सेंटिमीटर धरले तरी तीन महिने. पावलावरच्या आखूड स्नायूपर्यंत पस्तीसेक सेंटिमीटर, म्हणजे वर्षभर. म्हणून बरं होणं वरून खाली उतरतं: आधी पाऊल, मग बोटं, मग अंगठा, आणि सगळ्यांत शेवटी, आला तर, तो आखूड स्नायू.

सहाव्या महिन्यात पाऊल उचलण्याची ताकद जवळजवळ 5, अंगठा 4. टाचांवर चालता येत होतं, पण दहा-बारा पावलांनंतर उजवा चवडा खाली यायचा. बधिरपणा बेचक्यापुरता उरला होता. कंबर मधूनमधून धरतच होती, तिच्यासाठी व्यायाम वेगळे.

शस्त्रक्रिया केव्हा केली असती

तीन-चार महिन्यांत हालचालीचा मागमूस नसता, सुईच्या तपासणीत नव्या तंतूंची चाहूल नसती, तर मानेवरची तंतुमय कमान कापून नस मोकळी करण्याचा विचार झाला असता. सोनोग्राफीत गाठ दिसली असती तर त्याच्याही आधी.

आणि दीड-दोन वर्षांनीही पाऊल आलं नसतं तर कंडरेची बदली उरते. घोट्यामागची टिबिआलिस पोस्टेरिअरची कंडरा नॅव्हिक्युलरवरून सोडवायची, दोन हाडांमधल्या पडद्यातून पुढे ओवायची आणि पावलाच्या वर बसवायची. आत वळवणारा स्नायू मग पाऊल उचलायला शिकतो. बदली केलेल्या स्नायूची ताकद साधारण एक पायरी घसरते, म्हणून तो 5 किंवा निदान 4 चा असावा लागतो. ज्यांचं पाऊल एल 5 मूळ दबून पडलं आहे त्यांच्यात नेमका हाच स्नायू अर्धा गेलेला असतो, आणि ही शस्त्रक्रिया त्यांना तितकीशी उपयोगी पडत नाही. शिवाय कमानीचा मुख्य आधार काढून घेतल्यावर काहींचा तळवा पुढे सपाट होतो, हे आधी सांगावं लागतं.

या गृहस्थांवर त्यातलं काहीच करायची वेळ आली नाही. आठव्या महिन्यात त्यांनी आधार परत आणून दिला. पावलाच्या वरच्या बाहेरच्या भागातला आखूड स्नायूचा उंचवटा डाव्यापेक्षा सपाट दिसत होता आणि चाचणीत तिथला प्रतिसाद 3.8 मिलिव्होल्ट. त्यापुढे तो किती भरेल हे वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा पाहायचं ठरलं.